कोरोनावर चालतं, मग हरण्यावर का नाही?

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या मृगबागेचं प्रकरण

केळीचं पान उजेडाकडे धरलं की हरण्या रोग लपत नाही. शिरांना समांतर जाणारे फिकट पिवळे पट्टे दिसतात, तेही सलग नाहीत, तुटक. कोणी पानावरून चुन्याचं बोट ओढत नेलं आणि मध्ये मध्ये उचललं, असे. पुढची पानं अरुंद, कडक, कडेने वळलेली निघतात. पाऊस लागून राहिला तर पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, आतून काळा पडून सडतो आणि नुसता ओढला तरी हातात येतो. तो वास दिवसभर बोटांना राहतो.

हरण्या हे आमच्याकडचं नाव. कृषी खात्याच्या कागदावर तो कुकुंबर मोझॅक व्हायरस, दुकानात सीएमव्ही. केळीच्या झाडाला तो एकदा लागला की उतरत नाही. झाड लहानपणी सापडलं तर निसवतच नाही, म्हणजे घडच टाकत नाही, आणि निसवलंच तर घड व्यापाऱ्याला दाखवायच्या लायकीचा नसतो.

मी याच पट्ट्यात वाढले. आता महाविद्यालयात जैवरसायन शिकवते. घरची शेती थोरले काका बघतात. आम्ही सगळी भावंडं त्यांना अप्पा म्हणतो. त्यांच्या दोन एकर मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या केळीत, एका पावसाळ्यात जे झालं ते इथे मांडते आहे. त्यांनी मला फोनवर एक प्रश्न विचारला होता आणि मी तो सुरुवातीला हलक्यात घेतला होता. नीट उत्तर द्यायला बसले तेव्हा कळलं की प्रश्न मुळीच साधा नव्हता.

बाग आणि बाटली

लागवड जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत उतिसंवर्धनाने वाढवलेली, ग्रँड नैन जातीची रोपं, सहा बाय पाच फुटांवर, ठिबकवर, दोन एकरांत साधारण २,९००. बागेच्या उत्तरेला चारी, चारीपलीकडे दुसऱ्याची कपाशी. जुलैच्या मध्यापासून झड लागली. जवळजवळ तीन आठवडे ऊन असं पडलंच नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सालदाराने चारीकडच्या ओळींत पट्टेवाली पानं पाहिली. अप्पांनी स्वतः फिरून मोजली. ३८ झाडं.

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रावर गेले. दुकानदाराने मावा, म्हणजे रस शोषणारी आणि हरण्या पसरवणारी बारीक कीड, मारायचं औषध दिलं आणि सोबत समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली काढली. साडेआठशे रुपये लिटर, पंधरा लिटरच्या पंपाला ४५ मिली. 'झाड उपटू नका. पंधरा दिवसांत नवं पान हिरवं निघेल,' असं त्याने सांगितलं. व्हायरसला औषध नसतं हे अप्पांना चाळीस वर्षांच्या शेतीतून माहीत आहे, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा दुकानदाराने मोबाइल पुढे केला. समुद्री शेवाळातला एक पदार्थ कोरोनाच्या विषाणूला रोखतो, अमेरिकेत प्रयोग झाला, अशी बातमी होती.

अप्पांनी त्याच दुपारी फवारणी केली. चारीकडून सुरुवात करून दक्षिणेकडे जात होते. शेवटच्या चार ओळी राहिल्या असताना पाऊस आला आणि त्या तशाच राहिल्या. ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात राहण्यासारखी नव्हती, पण पुढे तीच सगळ्यात कामाला आली.

रात्री मला फोन.

"पोरी, कोरोनावर चालतं, मग हरण्यावर काहून नाही चालणार? दोन्ही व्हायरसच ना?"

मी म्हटलं, "तसं नसतं अप्पा."

"कसं नसतं, ते सांग ना."

यावर मला पटकन सांगता आलं नाही. मी म्हटलं, रविवारी येते.

बातमी खरी होती

आधी हे मान्य करायला हवं की दुकानदाराने दाखवलेली बातमी खोटी नव्हती. २०२० साली अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी तपकिरी समुद्री शेवाळातून काढलेलं फ्युकॉयडन नावाचं द्रव्य कोरोनाच्या विषाणूवर तपासलं होतं. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर त्यातल्या एका नमुन्याने मिलिलिटरमागे ८.३ मायक्रोग्रॅम इतक्या प्रमाणात संसर्ग निम्म्यावर आणला. हा आकडा खरोखर चांगला आहे.

हे होतं कसं, यातच अप्पांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तिकेत साखरेच्या लांब लांब साखळ्या असतात. त्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात. जमिनीवरच्या झाडांतही अशा साखळ्या असतात, लाकूड मुख्यतः त्यांचंच बनतं. पण शेवाळाच्या साखळ्यांवर जागोजागी सल्फेटचे गट टांगलेले असतात. लाल शेवाळात कॅराजिनन, तपकिरी शेवाळात फ्युकॉयडन, हिरव्यात अल्व्हान. कॅराजिननचेही प्रकार आहेत: साखरेच्या दर जोडीमागे कप्पामध्ये एक सल्फेट, आयोटामध्ये दोन, लॅम्डामध्ये तीनपर्यंत. प्रत्येक सल्फेटवर ऋण विद्युतभार असतो, म्हणजे अख्खी साखळी ऋणभाराने भरलेली.

आता माणसाच्या पेशीकडे बघा. तिच्या बाहेरच्या अंगावरही सल्फेटवाल्या साखळ्यांची लव असते. तिचं नाव हेपरान सल्फेट. नागीण उठवणाऱ्या हर्पिसच्या कुळातले कित्येक विषाणू, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही आणि कोरोनाचाही विषाणू पेशीत शिरण्याआधी या लवेला चिकटतात. गोखरू धोतराला चिकटावं तसं. विषाणूच्या अंगावरच्या काही जागा धनभारित असतात, त्या या ऋणभारित लवेवर बसतात. तिथे तग धरला की मग आत जायचं दार सापडतं.

शेवाळातली सल्फेटयुक्त साखळी काय करते? वाटेत दुसरं धोतर टांगून ठेवते. गोखरू त्यालाच चिकटतात आणि पेशीपर्यंत पोचत नाहीत. विषाणू मरत नाही, पण त्याची चिकटायची जागा आधीच व्यापलेली असते. सल्फेट काढून टाकलं तर हा गुणही बहुतेक जातो. म्हणजे सगळी किमया भाराची आणि भार साखळीवर कसा बसला आहे त्याची आहे.

हे काही कोरोनाच्या काळात सापडलेलं नाही. १९५८ साली इन्फ्लुएंझा बी आणि गालगुंडाचे विषाणू टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर शेवाळाच्या अर्काचा प्रयोग झाला होता आणि आतल्या गर्भाला संरक्षण मिळालं होतं. साठ वर्षांहून जास्त काळ हा पदार्थ प्रयोगशाळेत उत्तम काम करतो आहे. मग तो औषधाच्या दुकानात का नाही, हा पुढचा रास्त प्रश्न, आणि अप्पांनी तो विचारलाही.

त्याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेत आहे. एचआयव्हीला अटकाव म्हणून कॅराजिननचं एक जेल तयार केलं गेलं, कॅरागार्ड नावाचं. २००४ ते २००७ या काळात ६,२०२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. भांड्यातल्या पेशींवर ते एचआयव्हीला रोखत होतं. प्रत्यक्षात जेल मिळालेल्या गटात १३४ स्त्रियांना लागण झाली आणि नुसतं दिखाऊ जेल मिळालेल्या गटात १५१. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका थोडा होता, म्हणून निष्कर्ष निघाला: परिणाम नाही. जेल धोकादायक नव्हतं, पण ते प्रत्येक वेळी वापरलंही गेलं नाही. त्याच सुमारास सेल्युलोज सल्फेटच्या जेलची दुसरी चाचणी २००७च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली, कारण जेल वापरणाऱ्यांत लागण जास्त होते की काय अशी चिन्हं दिसली. सेल्युलोज सल्फेट शेवाळातलं नव्हे, पण तत्त्व तेच, ऋणभारित साखळी. या दोन चाचण्यांबद्दल मी दरवर्षी वर्गात सांगते. भांड्यातल्या यशावर हजारो बायकांची आशा उभी केली होती, ही गोष्ट मला साध्या आकड्यासारखी कधी सांगता येत नाही.

शरीरात अडचणी पुष्कळ येतात. या साखळ्या मोठ्या असतात, पोटात घेतल्या तर आतड्यातून रक्तात फारशा जात नाहीत. रक्तात सोडल्या तर रक्त गोठू देत नाहीत, कारण हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध याच घराण्यातलं आहे. शिवाय रक्तातली प्रथिनंही भारित असतात, ती या साखळ्यांना आधीच चिकटून बसतात. म्हणून आजवर जे थोडं जमलं ते पृष्ठभागावर जमलं. अर्जेंटिनात आरोग्य कर्मचाऱ्यांवर आयोटा कॅराजिननच्या नाकातल्या फवाऱ्याची चाचणी झाली. एकूण ३९४ जण, दिवसातून चार वेळा, २१ दिवस. फवारा घेणाऱ्या १९६ पैकी दोघांना कोरोना झाला, दिखाऊ फवारा घेणाऱ्या १९८ पैकी दहा जणांना. चाचणी लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. लक्षात घ्यायची गोष्ट ही की सगळं नाकाच्या आतल्या अस्तरावर घडत होतं, आणि लागण होण्याआधी.

केळीत विषाणू चिकटत नाही, टोचला जातो

रविवारी मी बागेत गेले. अप्पा, सालदार आणि मी चारीच्या बाजूने शिरलो. आजारी झाडांच्या खोडाला चुन्याची खूण करत निघालो. तोवर ३८ ची ६१ झाली होती.

चारीलगतच्या तिसऱ्या ओळीत थांबून मी एक पान उलटं केलं. मागच्या बाजूला शिरेजवळ दोन पंखवाले मावे बसलेले. हे केळीवर घर करणारे नव्हेत. कपाशीवर आणि काकडीवर्गीय वेलींवर वाढणारा हा मावा, वाऱ्यावर येतो, नव्या झाडाची चव बघतो, नाही आवडली तर उडून जातो. सोंड पानात खुपसून चव बघायला त्याला काही सेकंद लागतात. सीएमव्हीला तेवढा वेळ पुरतो. आजारी झाडाची चव बघताना विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो आणि पुढच्या झाडाची चव बघताना तिथे उतरतो. साठहून अधिक जातींचे मावे हे काम करतात आणि हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत हा विषाणू राहू शकतो.

अप्पांना मी इथेच गोखरूची गोष्ट सांगितली. "माणसात व्हायरस गोखरूसारखा आधी धोतराला चिकटतो, म्हणून दुसरं धोतर टांगून भागतं. इथं काटा थेट पायात घुसतोय."

झाडाच्या पेशीला हेपरान सल्फेटची लव नसतेच. तिच्याभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते. कुठलाच विषाणू बाहेरून ती भिंत ओलांडून आत जात नाही. त्याला जखम लागते, नाहीतर सोंड लागते. आत उतरल्यावर तो पेशीपेशींमधल्या बारीक वाटांनी सरकतो आणि रसवाहिन्यांतून झाडभर होतो. पानावर फवारलेली भारित साखळी बाहेर पानावरच बसून राहते आणि विषाणू तिच्या बाजूने जातच नाही. दोघांची गाठ पडत नाही, मग अडवणार कसा?

मावा मारायच्या औषधाचंही यामुळे पुरतं भागत नाही. औषधाने मावा मरतो, पण बहुतेकदा चव बघून झाल्यावर. तरी ते मारावं लागतं, कारण बागेत पिलावळ वाढली तर फिरणारी तोंडं वाढतात.

मग शेवाळाचा झाडाला काहीच उपयोग नाही? आहे, आणि तो मला माणसातल्या उपयोगापेक्षा जास्त रंजक वाटतो. झाडांना आपल्यासारखी रोगप्रतिकारक यंत्रणा नसली तरी इशारे ओळखण्याची व्यवस्था असते. काही परक्या साखळ्या पानाला लागल्या की झाड हल्ला झाला असं समजतं आणि आतमध्ये सॅलिसिलिक आम्लाचा निरोप फिरू लागतो. मग झाड जरा सावध होतं. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी तंबाखूच्या झाडांवर हे फार सुंदर दाखवलं. तपकिरी शेवाळातल्या लॅमिनारिन नावाच्या साखळीला सल्फेट नसतं. ते दिलं तर सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग जागा होत नाही. त्याच लॅमिनारिनवर प्रयोगशाळेत सल्फेट चढवून दिलं तर होतो, आणि टोबॅको मोझॅक व्हायरसचा संसर्ग कमी होतो. चिलीतल्या संशोधकांनी कॅराजिननचे लहान तुकडे करून तंबाखूला दिले, तेव्हाही त्याच विषाणूपासून संरक्षण मिळालं.

म्हणजे सल्फेट इथेही महत्त्वाचं, पण काम निराळं. माणसात ते विषाणूला अडवतं, झाडात ते झाडाला उठवतं. आणि उठवायचं ते लागण होण्याआधी. पोंग्यापर्यंत विषाणू पोचलेल्या झाडाला त्यातून बाहेर काढायचा हा उपाय नाही. हे सगळे प्रयोग तंबाखूवर, मोजून दिलेल्या शुद्ध पदार्थाचे आहेत. साडेआठशे रुपयांच्या बाटलीचे नाहीत.

बाटलीत काय होतं

बाटलीतला थोडा द्राव मी सोबत आणला. तो गडद तपकिरी, खारट आणि किंचित कुजकट वासाचा. लेबलवर समुद्री शेवाळाचा अर्क आणि त्याची टक्केवारी, बाकी वाढ, फुटवे, तजेला वगैरे. व्हायरस हा शब्द लेबलवर कुठेच नव्हता. तो फक्त दुकानदाराच्या तोंडी होता.

भारतात असे अर्क बरेचदा कप्पाफायकस या लाल शेवाळापासून बनतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर ते बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्याची एक चांगली पद्धत बसवली: ताजं शेवाळ दळून पिळायचं, निघालेला रस द्रवखत म्हणून वापरायचा आणि उरलेला चोथा कॅराजिनन काढायला पाठवायचा. शेतकऱ्याला खत मिळतं, कारखान्याला कॅराजिनन मिळतं, काही वाया जात नाही. पण अप्पांच्या प्रश्नाच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की जो सल्फेटयुक्त पदार्थ विषाणूविरोधी म्हणून गाजला तो मुख्यतः चोथ्याबरोबर जातो आणि पुढे चॉकलेटच्या दुधात, आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये दाटपणा आणायला लागतो. रसात पोटॅश असतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात, वाढीला चालना देणारे पदार्थ थोडे असतात. म्हणून पिकाला तो मानवतो, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.

अप्पांची बाटली नेमकी कोणत्या शेवाळाची हे लेबलवर नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेत एक साधी गोष्ट करून पाहिली. टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग सल्फेटयुक्त साखळीला चिकटला की जांभळा होतो. तीन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत पाणी, दुसरीत कॅराजिननची चिमूट विरघळवलेलं पाणी, तिसरीत बाटलीतला द्राव, आपला तपकिरी रंग आड येऊ नये इतका पातळ केलेला. तिन्हींत रंगाचा एकेक थेंब. पहिली नळी निळी राहिली. दुसरीत थेंब पडताक्षणी जांभळ्या रंगाच्या शिरा पसरल्या आणि क्षणात सगळी नळी पिकलेल्या जांभळासारखी झाली. तिसरी हिरवट निळी, कडेला जरा जांभळी झाक. क्षार जास्त असले की हा जांभळा रंग दबतो आणि शेवाळाच्या रसात क्षार असतातच, त्यामुळे बाटलीत कॅराजिनन नाहीच असं मी यावरून म्हणत नाही. भरपूर आहे असं मात्र कोणालाच म्हणता येणार नाही.

नळ्यांचा फोटो अप्पांना पाठवला. त्यांनी तो सालदाराला दाखवला आणि मग शेजारच्या दोन बागवाल्यांनाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०२१च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि समुद्री शेवाळाचे अर्क त्यात मोडतात. त्यातल्या व्याख्येप्रमाणे जैव-उत्तेजक म्हणजे झाडाची वाढ, अन्नशोषण, ताण सहन करण्याची ताकद वाढवणारा पदार्थ. कीटकनाशकं त्यात येत नाहीत, त्यांना १९६८चा कीटकनाशक कायदा लागतो. रोग बरा होतो असं सांगून जैव-उत्तेजक विकायला परवानगी नाही. अप्पांनी दुकानातून बिल मागून घेतलं. बिलावर बाटली खतांच्या रकान्यात होती.

उपटायची की ठेवायची

त्या रविवारी मी म्हटलं की ६१ च्या ६१ झाडं आज उपटू. अप्पा तयार नव्हते. पंधरा दिवसांत पान हिरवं निघेल असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि पैसे मोजून झाले होते. शिवाय रोप लावून सव्वा महिनाच झालेला, डोळ्यांसमोर वाढलेलं झाड आडवं करायला हात उचलत नाही, हे मला समजत होतं. मी फार ताणून धरलं नाही. धरायला हवं होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झड उघडली. चार-पाच दिवस लख्ख ऊन पडलं. अप्पांचा फोन आला, आवाजात आनंद. खूण केलेल्या तीन झाडांना नवं पान जवळजवळ हिरवं निघालं होतं.

मी विचारलं, "कोणत्या ओळीतली?"

दोन चारीकडची. तिसरं दक्षिणेकडचं, पावसामुळे फवारायच्या राहिलेल्या चार ओळींतलं.

फोनवर थोडा वेळ शांतता झाली. अप्पांना पुढचं सांगावं लागलं नाही. औषध न मिळालेल्या झाडालाही हिरवं पान आलं होतं, म्हणजे पान हिरवं करणारं औषध नव्हतं. ऊन होतं. तापमान वाढलं की सीएमव्हीची लक्षणं झाकली जातात, नवं पान बरं दिसतं. ढगाळ थंड हवेत ती पुन्हा उघडी पडतात. विषाणू दोन्ही वेळा आतच असतो, आणि हिरव्या पानावर बसलेला मावाही तो घेऊन जाऊ शकतो. एका झाडावरून शास्त्र ठरत नाही हे खरं, पण दुकानदाराचं वाक्य तपासायला ते एक झाड पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी उपटायला घेतली. तोवर खुणेची झाडं १४३ झाली होती. त्यातली पुष्कळ आम्ही पहिल्यांदा फिरलो तेव्हाच आतून लागलेली असणार, लक्षणं दिसायला वेळ जातो. काही मात्र त्या पंधरा दिवसांत, उभ्या ठेवलेल्या आजारी झाडांवरून लागली असणार. नक्की किती ते आता सांगता येत नाही आणि मला त्याची खंत आहे.

आधी मावा मारायचं औषध फवारलं, झाड हलवताना मावे उडून पसरू नयेत म्हणून. मग कंदासकट उपटून, बागेतून ओढत न नेता, बांधाजवळ खड्ड्यात टाकून मातीने बुजवलं. सालदाराने आणि त्याच्या बायकोने दीड दिवस हे काम केलं. उपटताना ठिबकच्या नळीखालच्या ओलीत केना माजलेला दिसला. काही पानांवर फिकट ठिपके होते. केना हा सीएमव्हीचा जुना आसरा आहे. केळीवर नजर ठेवताना पायाखालच्या तणाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चारीच्या दोन्ही काठांचा केना आणि बांधावर आपोआप उगवलेले दोन काकडीचे वेल त्याच आठवड्यात काढले. नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावायला, उशीर झाला होता, मोकळ्या जागा तशाच ठेवल्या.

हिरवं पान आलेल्या तीन झाडांपैकी दोन अप्पांनी ठेवली. "बघू तरी," म्हणाले. मला नको वाटत होतं. तरी गप्प बसले.

सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे बागेत नवं काही दिसलं नाही. मग पुन्हा ढग आले आणि त्या दोन झाडांच्या नव्या पानांवर पट्टे उमटले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकाचा पोंगा सडला. त्यांच्या आजूबाजूच्या पाच झाडांवर हरण्या दिसला, इतरत्र तुरळक तीन. ही आठ आणि ती दोन, सगळी अप्पांनी स्वतः काढली, मला न कळवता. दिवाळीला घरी गेले तेव्हा दाखवली त्या जागा.

बाटलीत उरलेला अर्धा लिटर अर्क त्यांनी घरामागच्या वांग्यांना दिला. खत म्हणून.

बाग पुढे चांगली चालली. घड बरे आले, भाव त्या वर्षीचा जसा होता तसा मिळाला. लागवडीच्या वेळी रोपांची पावती आणि विषाणू तपासणीचा दाखला जपून ठेवला नव्हता, म्हणून सुरुवात रोपांतून झाली की कपाशीवरच्या माव्यातून, हे पक्कं कळलं नाही. उतिसंवर्धित रोपांसाठी २००६ पासून राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे आणि तिच्याखालच्या प्रयोगशाळांत विषाणू तपासूनच रोपं बाहेर जातात. पुढच्या वेळी अप्पांनी रोपं बुक करताना आधी तोच कागद मागितला.

पहिली कटाई संपत आली तेव्हा पिलबागेचा, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर पुढचं पीक घेण्याचा, विषय निघाला. मातृझाडाला हरण्या असेल तर तो पिलात उतरतोच, आणि झाड वरून बरं दिसतंय म्हणून पील निरोगी आहे असं समजता येत नाही. अप्पांनी मागच्या पावसाळ्यातल्या खुणांचा कागद काढला. कोणत्या ओळीत किती झाडं गेली ते त्यावर सालदाराच्या अक्षरात होतं. चारीकडच्या सात ओळींत पिलं ठेवली नाहीत. त्या ओळी मोडून तिथे हरभरा पेरला.